बिचारी बॅटरी!

डिसेंबर लागला की पाटोदा-मांजरसुंब्याकडच्या गावांत पहाटे हमखास ऐकू येतं: सेल्फ कण्हतोय आणि जुनी डिझेल जीप काही पेटत नाही. धक्का मारायला जमलेल्यांचं निदान ठरलेलं, ‘बॅटरी गेली.’ बिचारी बॅटरी! आधी कान द्या. सेल्फ रडतखडत फिरत असेल तरच तिच्याकडे वळा. टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवा थर साफ करा, अर्थिंगची वायर घट्ट करा. रात्रभर उभ्या गाडीत मीटरनं १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवं. सेल्फ जोमात फिरतोय, सायलेन्सरमधून पांढरा धूरही येतोय, पण इंजिन धरत नाही? तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. या इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच सगळं चालतं. गारठलेलं लोखंड तीच पिऊन टाकतं, म्हणून तर हीटर प्लग. चारातला एक गेला तरी गाडी खोकत का होईना चालू होते, त्यामुळे तो कोणी बदलत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाहीये: पाइपात हवा शिरली असेल, हातपंप मारून बघा. स्प्रे मारून गाडी उठवणाऱ्या उस्तादांना मात्र लांबच ठेवा. तापलेल्या प्लगवर ईथर भडकलं तर पिस्टनच फुटायचा.