परक्या घरचा विद्यार्थी

घाटकोपरच्या पंतनगरातील आमच्या शेजाऱ्यांची कन्या गेल्या वर्षी उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेली. वसतिगृहात जागा न मिळाल्याने ती एका वृद्ध दांपत्याच्या घरी राहते. दर रविवारी तिचा फोन येतो आणि त्या घराची वार्ता आमच्या साऱ्या मजल्यावर पोहोचते. रात्री दहानंतर कपडे धुण्याचे यंत्र लावावयाचे नाही. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकावयाचा. रात्रीचे जेवण म्हणजे बहुधा थंड पाव आणि चीज. पहिला महिना मुलगी रडली. पुढे त्या आजींनी स्वयंपाकघरातील एक खण तिच्या मसाल्याच्या डब्यांसाठी मोकळा करून दिला. फोडणीच्या वासाने त्यांना ठसका लागे. परंतु त्यांनी खिडकी उघडली, फोडणी बंद करावयास लावली नाही. आता रोज संध्याकाळी त्या तिचे जर्मन उच्चार सुधारतात.

मुलगी दरमहा भाडे देते, म्हणजे हा उपकाराचा व्यवहार नव्हे. तथापि अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. भाड्याच्या मोबदल्यात तिला खोली, पाणी आणि ऊब मिळते. हे करारात लिहिलेले आहे. मोकळा केलेला खण आणि सुधारलेले उच्चार कोणत्या कलमात बसतात? त्यांना बाजारभाव नाही. मात्र परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याचे शिक्षण तडीस जाणार की नाही, हे पुष्कळदा याच बिनभावाच्या गोष्टींवर ठरते.

आपल्याकडचे याचे ठळक उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार 1880 मध्ये सुरू झाला आणि 1883 मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई अमेरिकेस पोहोचल्या, त्या प्रथम या बाईंच्या घरी उतरल्या. कोणत्याही कराराविना जुळलेला हा संबंध मावशी-भाचीच्या नात्यापर्यंत गेला. आनंदीबाईंनी आपला धर्म व शाकाहार सोडला नाही आणि यजमानांनी तशी अट घातली नाही. 1886 च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. परक्या घराने एका विद्यार्थिनीला किती आपले मानावे, याची ही परिसीमा होय.

या कथेने आपला ऊर भरून येतो. परंतु ती वाचून झाल्यावर आपण आपल्या दाराकडे पाहतो काय? गेल्या जूनमध्ये नांदेड जिल्ह्यातील माझा एक विद्यार्थी खोली शोधत घाटकोपरभर हिंडला. एका घरी प्रथम त्याचे आडनाव विचारले गेले, मग आहार. आणि शेवटी 'कळवतो' असे सांगितले गेले. ते कळविणे अद्याप व्हावयाचे आहे. त्याच इमारतीतील दोन कुटुंबांची मुले परदेशात परक्यांच्या घरी राहून शिकत आहेत. तेथे आपल्या मुलांना कोणी कातडीचा रंग पाहून दार लावले, तर आपण त्याला वर्णद्वेष म्हणतो. येथे त्याच वर्तनाला 'सोसायटीचे वातावरण' असे सौम्य नाव आहे.

घरमालकांची बाजू अगदीच निराधार नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूस भक्कम संरक्षण दिले आणि पुढे 1 फेब्रुवारी 1973 रोजी जागेचा ताबा असलेल्या परवानाधारकांनाही ते लाभले. आत आलेला माणूस पुन्हा बाहेर जाणार नाही, ही भीती मुंबईकरांच्या मनात तेव्हापासून घर करून बसली. परंतु 1999 च्या कायद्यात करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि मुदत संपताच जागा परत मिळविण्याची स्वतंत्र तरतूद आहे. भीतीचे कायदेशीर कारण बरेचसे सरले. उरली ती सवय, आणि सवयीआड दडलेली जात.

जातीचा हा अडसर जुना आहे. वार लावून जेवणारी आणि माधुकरी मागून शिकणारी मुले हे आपण आपल्या संस्कृतीचे भूषण मानतो. गरीब मुलांना त्या प्रथेने शिकविले, हे खरे. पण कोणाच्या पंक्तीला कोणी बसावयाचे, हे जन्मानेच ठरलेले असे. तो उंबरठा ओलांडला कर्मवीर भाऊराव पाटलांनी. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. त्या मुलांची चूल विझू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रासह, विकले. रोझेलच्या कार्पेंटरबाईंचे नाव आपण आदराने घेतो. साताऱ्याच्या या माउलीचे नाव त्याच ओळीत घेतले पाहिजे.

आज कोणी मंगळसूत्र विकावे, अशी अपेक्षा नाही. घरमालकाने रास्त भाडे अवश्य घ्यावे. फुकटच्या आश्रयात मिंधेपणा असतो आणि विद्यार्थ्याला तोही नको. मागणे एवढेच की, महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना जागा देऊ इच्छिणाऱ्या घरांची नोंदवही ठेवावी. भाडे, वेळा आणि स्वयंपाकघराचे नियम लेखी ठरवावेत. आडनावाचा रकाना त्या कागदावर नसावा. मुलगा वेळेवर भाडे देतो काय, शेजाऱ्यांना त्रास देत नाही ना, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक मालकाला आहे. तो कोणाच्या पोटी जन्मला, हे विचारण्याचा नाही.

येत्या जूनमध्ये पुन्हा गाड्या भरून मुले मुंबईत उतरतील. त्यांच्यातील कोणी आपली घंटा वाजवील, तेव्हा जर्मनीतील त्या आजींची आठवण व्हावी. फोडणीचा ठसका त्यांनाही लागत होता. त्यांनी फक्त खिडकी उघडली.