वर्दी उतरल्यावर काय?

पहाटे भोर-महाड रस्त्याला किंवा वेल्ह्याकडं जाताना पळणारी पोरं दिसतात. पायात बूट, डोक्यात भरती. तुम्ही त्यातलेच असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो, तेव्हा पेन्शन बांधून घरी आलो. तुमचा हिशेब वेगळा आहे.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. ४ वर्षांची नोकरी, त्यानंतर फार तर २५ टक्के कायम. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळणार, पेन्शन नाही. पहिल्या तुकड्यांची ४ वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरत जातील. म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरचे ‘माजी सैनिक’ गावोगाव दिसू लागतील.

योजना बरी की वाईट, यावर भांडायला टीव्हीवाले आहेत. माझी काळजी दुसरीच आहे. असा पोरगा गावात उतरला की त्याच्या दारात आधी कोण येईल? नोकरी देणारा नाही, पक्षवाला येईल. फ्लेक्सवर फोटो, मिरवणुकीत पुढची जागा, पाठीवर हात. सैनिकाची देशभक्ती उसनी घेऊन मतं मागण्याची सवय जुनी आहे. मार्च २०१९ मध्ये निवडणूक आयोगालाच पक्षांना बजावावं लागलं होतं, की प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका. आणि जवान याबाबतीत कच्चा असतो. नोकरीत असताना पक्षात जायला बंदी, मत तेवढं टपालानं द्यायचं. राजकारण कशाशी खातात, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

पलटणीत नेतृत्व शिकवतात, हे खरं. आधी जवान जेवतो, मग साहेब. चढाईत साहेब मागं राहून ‘जा’ म्हणत नाही. हे गावात आणलंत तर गावाचं भलंच होईल. पण पलटणीत आणखी एक सवय लागते, हुकमाची. तिचा गावात उपयोग नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि कुणी काय करायचं ते सांगत सुटलो. मागून एक आजी म्हणाली, “बाबा, ही काय पलटन न्हाय.” सगळे हसले. मला राग आला, पण बरोबर तीच होती. लोकशाहीत समोरचा ‘का?’ विचारतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. माजी सैनिक म्हणजे आपोआप चांगला पुढारी, असं मी तरी म्हणणार नाही.

देशभक्तीचं म्हणाल तर लांब जायला नको. १६५९ मध्ये अफजलखान आला, तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं आली, खानाला सामील व्हा. कारीचे कान्होजी जेधे पाच मुलांना घेऊन शिवरायांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. दोन्ही गावं आपल्या भोर तालुक्यातली. तलवार दोघांनाही चालवता येत होती. फरक पडला तो वतनापाशी.

आजचं वतन म्हणजे ठेका, प्लॉटिंगची दलाली, सिक्युरिटीचं काम. दारात आलेला माणूस नवख्या माजी सैनिकापुढं हेच ठेवतो. ते घेतलं की तोंड बंद. मग भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत एवढी धरणं उशाला असताना वरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट का बघावी लागते, हे विचारणार कोण? २०२५ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं. मला आनंदच आहे. पण नाव बदलल्याचे पेढे वाटायला जेवढे पुढारी आले, तेवढे हंड्यांच्या रांगेपाशी कधी दिसले नाहीत. (हे बोललं की काही जण लगेच ‘तुम्ही कुठल्या पक्षाचे?’ म्हणतात.)

मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुका घ्या, हे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये सांगावं लागलं. एवढ्या काळात सदस्य नाहीत म्हणून आपल्यापैकी किती जणांनी आवाज उठवला? सीमेवरच्या बातमीवर स्टेटस मात्र सगळ्यांनी ठेवलं.

म्हणून पळा, भरती व्हा, जरूर जा. सुट्टीवर याल तेव्हा ग्रामपंचायतीत डोकावा, पाणी योजनेचा खर्च कुठं गेला ते वाचा. वर्षातून किमान ४ ग्रामसभा घ्याव्याच लागतात. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर बऱ्याच गावांत सभा असते. त्या दिवशी जिलेबी घेऊन लगेच घरी पळू नका.