बिनतारी जोड आणि दुकानाचा काटा

कसारा लोकल खर्डी सोडून उंबरमाळीकडे निघाली की डब्यातील मोबाईलवरची बोलणी तुटू लागतात. डोंगर आड येतो, टॉवर मागे पडतो आणि ‘हॅलो, हॅलो’ करीत माणसे फोन कानापासून दूर करतात. पण त्याच डब्यात दाराशी उभ्या असलेल्या तरुणाच्या कानातील गाणे तुटत नाही. फोन खिशात, बोंडे कानात, मध्ये तार नाही, आणि गाणे फोनमध्येच साठवलेले असल्याने ते बाहेरून आणावयाचेही नाही. हा देखावा आम्ही अनेकदा पाहिला आहे. आमच्या व्यापारी बंधूंना जी गोष्ट समजावून सांगावयाची ती तेथे आयती मांडून ठेवलेली असते. फोनपासून टॉवरपर्यंतचा बिनतारी रस्ता वेगळा आणि खिशापासून कानापर्यंतचा वेगळा. पहिल्याला कंपनी लागते, रिचार्ज लागतो, रेंज लागते. दुसऱ्याला यापैकी काहीच लागत नाही.

या दुसऱ्या रस्त्याचे नाव ब्लूटूथ. शहापूर, खर्डी, कसारा, मुरबाड येथे आपल्या समाजाची लहान दुकाने आहेत: किराणा, कोंबडी, भंगार, मोबाईल दुरुस्ती. या प्रत्येक दुकानदाराच्या खिशात ब्लूटूथ आहे. उपयोग काय, तर गाणी ऐकणे, फार तर टेम्पोतील स्पीकर वाजवणे. दहा वर्षांपूर्वी लग्नाचे फोटो एका फोनमधून दुसऱ्यात पाठवण्यासाठी त्याचा वापर होत असे, तोही आता बंद पडला. आमचे म्हणणे असे की या फुकटच्या रस्त्याची खरी जागा कान नसून दुकानातील वजनाचा काटा ही आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते थोडक्यात सांगू. १९९४ साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत फोन आणि त्याची उपकरणे यांच्यामधील तार काढून टाकण्याचे काम सुरू झाले. त्यात याप हार्टसेन हे डच अभियंते प्रमुख होते. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्या एकत्र आल्या आणि सर्वांची यंत्रे एकमेकांशी बोलतील अशी एकच भाषा ठरली. नाव घेतले दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजाचे, कारण त्याने विखुरलेल्या टोळ्या एका राज्यात आणल्या होत्या. एकमेकांच्या पक्क्या स्पर्धक कंपन्यांनी माप एक ठेवण्याचे मान्य केले आणि त्यातून सगळ्यांचाच धंदा वाढला. आमच्या बाजारपेठेत दोन शेजारी दुकानदार एका वजनावर एकमत होत नाहीत म्हणून हे मुद्दाम सांगितले.

यंत्राचे काम रेडिओचेच. २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दोनशे चाळीस कोटी कंपनांच्या आसपासचा लहरींचा पट्टा यासाठी वापरतात. भारतात २००५ च्या नियमांनुसार या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवाना लागत नाही. वाय-फायही याच पट्ट्यात चालते, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही. मग एवढ्या गर्दीत गोंधळ का होत नाही? कारण ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. मूळ पद्धतीत त्या पट्ट्याचे ७९ भाग केलेले असतात आणि जोडलेली दोन यंत्रे सेकंदाला १,६०० वेळा एका भागावरून दुसऱ्यावर उडी मारतात. उड्यांचा क्रम त्या दोघांनाच ठाऊक असतो. एका मुख्य यंत्राला एका वेळी सात यंत्रे जोडता येतात. शक्ती इतकी थोडी की पल्ला साधारण दहा मीटरचा, म्हणजे गल्ल्यापासून मागच्या खोलीपर्यंत. लोखंडी कपाट किंवा ओलसर धान्याच्या पोत्यांची थप्पी मध्ये आली तर तोही कमी होतो, कारण धातू या लहरी अडवतो आणि पाणी त्या शोषून घेते. २०१० पासून फार कमी वीज खाणारा नवा प्रकारही आला आहे. घड्याळाच्या सेलवर महिनोन् महिने चालणारी उपकरणे त्यावरच आहेत.

आता काट्याकडे येऊ. रेशन दुकानात अंगठा लावण्याचे ई-पॉस यंत्र महाराष्ट्रात २०१७-१८ च्या सुमारास आले. त्याने कार्डधारक खरा की खोटा हे कळू लागले. पण यंत्राच्या पावतीवर ३५ किलो छापून आले आणि काट्यावर चौतीसच पडले, तर ते यंत्राला कसे कळावे? अंगठा एका यंत्रावर, वजन दुसऱ्यावर, आणि दोघांच्या मध्ये माणसाचा हात. ही फट बुजवण्यासाठी केंद्र सरकारने १८ जून २०२१ रोजी अन्नसुरक्षा नियमांत बदल केला. इलेक्ट्रॉनिक काटा ई-पॉसला जोडण्यास उत्तेजन दिले आणि ई-पॉसपोटी मिळणाऱ्या क्विंटलमागे १७ रुपयांतून जी बचत होईल ती काट्याची खरेदी, देखभाल व जोडणी यांवर खर्च करण्याची मुभा राज्यांना दिली. आंध्र प्रदेशाने त्याच्याही आधी हा मार्ग धरला होता. काटा जोडलेला असला की प्रत्यक्ष वजन आपोआप यंत्रात जाते, हाताने आकडा भरावा लागत नाही.

अंत्योदय कार्डावर दरमहा ३५ किलो धान्य मिळते, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कातकरी वाडीवरची बाई दोन तास चालून रेशनला येते तेव्हा तिच्यासाठी एक किलो म्हणजे घरातल्या सगळ्यांची एक वेळ. तिला काट्यावरचा आकडा वाचता येत नसेल तर तिच्या वतीने तो आकडा यंत्राने वाचावा यात गैर काय?

येथे एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. नेट नसले की ई-पॉस थांबते, रांग खोळंबते, मजुरीचा दिवस बुडतो, आणि लोक म्हणतात ‘मशीन खराब’. यंत्र व काटा यांमधील जोड त्या वेळीही शाबूत असतो. तुटतो तो दुकानातून बाहेर जाणारा रस्ता. काट्याच्या जोडणीला विरोध करताना ‘आमच्याकडे रेंजच नाही’ असे जे सांगितले जाते ते म्हणूनच आम्हास पटत नाही. रेंजची तक्रार खरी आहे. भातसा आणि तानसा या धरणांचे पाणी मुंबईला पोहोचते, पण त्यांच्या आसपासच्या पाड्यांना फोनची रेंज मिळू नये याचे उत्तर सरकारने द्यावे. पण ती तक्रार वेगळी, काट्याची वेगळी.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. त्याला गोदामातून पोते मोजून मिळते काय? पोतेच कमी आले तर तो ते कोठून भरून काढणार? यासाठी जो काटा दुकानात जोडावयाचा तोच गोदामाच्या दारातही जोडावा. खालच्या माणसाचा काटा सरकारच्या नजरेखाली आणि वरच्याचा मोकळा, हा न्याय नव्हे.

खाजगी व्यापारात तर सरकारची वाट पाहण्याचे कारणच नाही. भाताच्या हंगामात खेड्यावरचा शेतकरी पोती घेऊन येतो. २०२५-२६ साठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला, म्हणजे किलोला सुमारे पावणेचोवीस. पोत्यामागे एक किलो ‘कडता’ म्हणून कापला तर चाळीस पोत्यांत साडेनऊशे रुपये जातात. बारदानाचे वजन वजा करणे रास्त आहे, त्यासाठी काट्यावर धडा करण्याचे बटण असते. पण बारदानाचा हिशेब झाल्यावर पुन्हा वेगळा कडता कशाचा? सूरह अल-मुतफ्फिफीन हे संपूर्ण प्रकरणच मापात कसूर करणाऱ्यांच्या नावाने आहे आणि मदयनच्या लोकांना हजरत शुऐब (अलै.) यांनी मापाबद्दलच बजावले होते. हे जुम्याला ऐकणारे आमचे काही बांधव शनिवारी काट्यावर मात्र हाताचा अंगठा ठेवतात. बाजारात ‘काटामारी’ हा शब्द कोणाबद्दल वापरला जातो ते ऐकून आम्हास लाज वाटली आहे. तो केवळ आमच्याबद्दल वापरला जातो असे नाही, पण आमच्याबद्दलही वापरला जातो.

ब्लूटूथ असलेला काटा, दोन इंची पावतीचे लहान प्रिंटर आणि हातातील फोन एवढ्यावर दुकानाचे बिल तयार होते. काट्यावरचे वजन फोनमध्ये जाते, भाव गुणला जातो, पावती निघते. यात रेंजचा संबंध नाही. म्हसा यात्रेसारख्या ठिकाणी, जेथे हजारो माणसे जमल्याने नेटची बोंब असते, तेथेही हे चालेल. वीज गेली तरी बॅटरीवर काम भागते. शेतकऱ्याच्या हाती वजन छापलेला कागद राहतो. (हा कागद उन्हात ठेवला की काही महिन्यांत पांढरा पडतो. ही त्याची मोठी खोड आहे, तेव्हा उधारीच्या पावतीचा फोटो दोघांनीही काढून ठेवावा.)

मात्र बिनतारी जोड बसवला म्हणून काटा सच्चा झाला असे कोणी समजू नये. काट्याच्या पोटातच लबाडी असेल तर तो खोटे वजन अगदी इमानाने फोनपर्यंत पोहोचवील. २०१७ साली आधी लखनौ येथे आणि पाठोपाठ आमच्या ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने पेट्रोल पंपांवर छापे घातले तेव्हा मापयंत्रात बसवलेल्या चिपा सापडल्या. लखनौच्या प्रकरणात तर चिप रिमोटने चालू-बंद केली जाई. म्हणजे जवळच्या पल्ल्याचा रेडिओ चोरीलाही तितकाच उपयोगी. म्हणून वजनमापे खात्याचा शिक्का आणि दरवर्षीची पडताळणी यांना पर्याय नाही. जुन्या काट्याचे सील तोडून आत ब्लूटूथची चकती बसवून देणारे कारागीर मिळतात. तसे करू नये. सील तुटले की पडताळणी बाद होते आणि खटला दुकानदारावर होतो.

आणखी थोडी काळजी घ्यावी. स्वस्त प्रिंटरची जोडणीची खूण बहुधा ‘००००’ किंवा ‘१२३४’ असते. शेजारच्या दुकानात त्याच बनावटीचे यंत्र असेल तर तुमचे बिल तिकडे निघण्याची पाळी यावयाची. यंत्राचे नाव आणि खूण पहिल्याच दिवशी बदलावी. फोन विकताना वा दुरुस्तीस देताना जुन्या जोडण्या पुसून टाकाव्यात. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘ब्लूबॉर्न’ नावाच्या त्रुटी उघड झाल्या. नुसते ब्लूटूथ चालू असलेल्या फोनमध्येही परक्याला शिरता येते असे त्यातून दिसले. कंपन्यांनी त्यावर दुरुस्त्या काढल्या, पण जुना फोन वर्षानुवर्षे तसाच वापरणाऱ्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत. ज्या फोनवर दुकानाचा हिशेब आणि बँक दोन्ही आहेत तो अद्ययावत असावा आणि काम संपले की ब्लूटूथ बंद करावे.

पुढच्या खेपेस कल्याण-भिवंडीला माल भरावयास जाल तेव्हा काटेवाल्याकडे उभे राहून तीन गोष्टी विचारा. या बनावटीला वजनमापे खात्याची मंजुरी आहे काय, ब्लूटूथ कारखान्यातून बसवून आले आहे की मागाहून, आणि शिक्का लावून प्रमाणपत्र हाती कोण देणार. उत्तरे सरळ मिळाली तर पैसे काढा. आणि काटा आणल्यावर त्याचा आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूला फिरवून ठेवा.