नागपूरचे प्लास्टिकही समुद्राकडेच निघते



‘किनाऱ्यावरचे प्लास्टिक हा किनारी शहरांचा प्रश्न, विदर्भाने त्यात पडू नये’ हे आपल्या अंकातील लेखाचे मत नकाशालाच धरून नाही.

नागपूरचा कचरा जुहू-वर्सोव्याला जात नाही, एवढेच त्यात खरे. तो बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतो. शहर कापत जाणारी नाग नदी पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वर्धेशी संगम झाल्यावर तीच प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. मधले गोसीखुर्द धरण कचरा अडवते, असे लेखक म्हणतात. अडवत असेल, तर तो भंडारा जिल्ह्यातल्या ढीवरांच्या जाळ्यात येतो. त्यांनी तो का उपसायचा?

‘पर्यटकच घाण करतात’ हेही अर्धसत्य. मुंबईत भरतीबरोबर किनाऱ्यावर परत येणारे बरेचसे प्लास्टिक मिठीसारख्या नद्यांतून आणि नाल्यांतून आधी समुद्रात गेलेले असते.

राहिला कायदा. राज्यात प्लास्टिकबंदी 2018 पासून आहे, देशात एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून. तरीही आमच्या भाजीबाजारात पातळ पिशवी न मागता हातात पडते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला. पाणी ओसरल्यावर नाग नदीकाठच्या कुंपणांना अडकलेल्या याच पिशव्या मी पाहिल्या आहेत. त्या कोणत्याही पर्यटकाने टाकल्या नव्हत्या.

कृपया दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर