जोर-बैठका कीं लोखंडी वजनें ?

शरीर बळकट असावें ही इच्छा आमच्या विद्यार्थ्यांत हल्लीं वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु तिच्याबरोबर एक समजूतही वाढत आहे. जिमची फी भरल्यावांचून व लोखंडी यंत्रें हातीं आल्यावांचून बळ येत नाहीं. सबब लोणारसारख्या गांवच्या गरीब मुलानें त्याची आशाच धरूं नये! ही समजूत कितपत खरी, हें पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम बळ वाढतें कसें ? स्नायूस संवयीहून थोडा अधिक विरोध झाला, आणि मग अन्न व विश्रांति मिळाली, म्हणजे तो पहिल्याहून सबळ होतो. तो विरोध लोखंडाचा, रबरी पट्ट्याचा कीं स्वतःच्या देहभाराचा, हें स्नायूस कळत नाहीं. सन 1945 मध्यें डॉ. थॉमस डीलॉर्म या अमेरिकन वैद्यानें जखमी सैनिकांचे दुर्बल अवयव वजन वाढवीत वाढवीत सबळ करण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचें मर्म लोखंडांत नसून चढत्या क्रमांत आहे.

आतां तुलना करूं. लोखंडी वजनांचा गुण हा कीं, भार नेमका मोजतां येतो व थोडथोडा वाढवितां येतो. अतिशय जड ओझें उचलण्याची शक्ति हवी असेल, तर त्यांची बरोबरी दुसरें साधन क्वचितच करील. दोष हा कीं, खर्च होतो, आणि शिकविणारा जवळ नसल्यास कंबरेस इजा होण्याचें भय असतें.

साध्या जोरांत हातांवर देहभाराचा सुमारे दोन-तृतीयांश भाग येतो. गुडघे टेकल्यास तो निम्म्याजवळ उतरतो. पाय ओट्यावर ठेवल्यास वाढतो. म्हणजे येथेंही क्रम आहे, आणि त्यास पैसा पडत नाहीं. मात्र शंभर बैठका सहज होऊं लागल्या कीं, दोनशें काढल्यानें दम वाढतो, बळ फारसें वाढत नाहीं. तेव्हां संख्येचा अभिमान सोडून प्रकार अवघड करावा. शिवाय जोरांत ओढण्याचे स्नायु उपाशी राहतात. त्यांसाठीं मलखांब, दोर किंवा आडवा दांडा हवा. पायांसाठीं तर सरोवराची वाट आहेच. कांठापासून तळापर्यंतची खोली सव्वाशे मीटरांहून अधिक आहे. ती चढून येणें ही कांहीं लहान कसोटी नव्हे.

देशी पद्धतीस कोणी कमी लेखूं नये. आमच्याच वऱ्हाडांत, अमरावतीस, वैद्य बंधूंनीं 1914 सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें. त्याच्या पथकानें 1936 सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं देशी व्यायामांचीं प्रात्यक्षिकें केलीं. 1952 सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव तांबड्या मातींतूनच वर आले.

म्हणून आमचें मत असें : विद्यार्थ्यानें आरंभ स्वतःच्या देहभारानें करावा, तो पुरेनासा झाला व जाणता शिक्षक मिळाला, तर वजनें अवश्य घ्यावींत. जागतिक आरोग्य संघटनेनें 2020 सालीं मुलांस रोज सरासरी साठ मिनिटांची हालचाल व आठवड्यांतून तीन दिवस तरी बळाचा व्यायाम सांगितला आहे. त्यास शाळेचें पटांगण पुरेसें आहे.

पालकांस दोन शब्द. देखरेखीखालीं केलेल्या व्यायामानें उंची खुंटते, या समजुतीस आधार नाहीं. भुकटीच्या महाग डब्यापेक्षां दूध, डाळ, चणे, शेंगदाणे व अंडीं बरीं. आणि मुलाच्या व्यायामास जी संमति देतां, ती मुलीसही द्या. अशक्त माता होणें हें तिचें प्राक्तन नव्हे.

शरीर हें देवाचें मंदिर आहे, असें पवित्र शास्त्र शिकवितें. मंदिराचा जीर्णोद्धार एका दिवसांत होत नाहीं. तेथें रोज एक चिरा बसवावा लागतो. आणि मिळविलेलें बळ आरशांत पाहण्यासाठीं नसून दुसऱ्याचें ओझें उचलण्यासाठीं आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.