फवारणीच्या नळीची निवड कोणीं करावी?

शेतकरी बंधूंस सविनय विनंति कीं, ह्या लेखाचा विषय क्षुल्लक वाटला तरी तो शेवटपर्यंत वाचावा. बैल घेतांना आपण दांत पाहतों, बियाणें घेतांना उगवण विचारतों, जमीन घेतांना सातबाऱ्याचा उतारा तीन वेळां वाचतों. परंतु ज्या नळींतून जहाल विष माणसाच्या हातापर्यंत जावयाचें, ती नळी मात्र दुकानदार पुढें करील ती आपण घेऊन येतों. ही चाल बरी नव्हे असें माझें मत आहे, आणि तें मत मला फुकट मिळालेलें नाहीं.

महसूल खात्यांतील कारकुनी संपवून मी घरच्या दोन एकर द्राक्षबागेकडे लक्ष देऊं लागलों. पहिल्याच हंगामांत पंपाची नळी सांध्याजवळ फुगलेली माझ्या दृष्टीस पडली. मीं तीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली व तारेनें आवळली. नवी नळी हंगाम संपल्यावर घेऊं असा विचार केला. चौथ्या दिवशीं ती त्याच जागीं फुटली आणि औषध आमच्या गड्याच्या मानेवर व छातीवर उडालें. कपडे काढून, साबण व भरपूर पाणी लावून त्याचें अंग धुतलें आणि औषधाचें पत्रक बरोबर घेऊन त्यास दवाखान्यांत नेलें. तो दोन दिवसांनीं घरीं आला. त्यानें मला एक शब्दही लावला नाहीं. परंतु नळी माझी, पट्टी माझी, आणि अंग मात्र त्याचें, हा हिशेब माझ्या मनांतून अद्याप जात नाहीं.

सन २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व मजूर दगावले. तेथील कारणें अनेक होतीं व तो दोष नळीचा होता असें मी म्हणत नाहीं. परंतु विष केवळ तोंडावाटे जात नाहीं, तें श्वासावाटे व कातड्यांतूनही अंगांत शिरतें, हें त्या वर्षीं सर्वांस कळून चुकलें. मग जी नळी खांद्यावरून, कमरेवरून ओढली जाते, तिची गळती लहान कशी म्हणावी?

आतां निवडीसंबंधीं. चांगल्या नळीचे तीन भाग असतात : औषधास लागणारा आंतला थर, दाब सोसणारी मधली सुताची वीण, आणि ऊन व घासणें सोसणारें बाहेरचें कवच. आंतला थर कशाचा आहे हा पहिला प्रश्न. ज्या औषधाच्या नांवापुढें ईसी हीं अक्षरें असतात, त्यांत औषध विरघळविण्यास तेलकट द्रावक घातलेलें असतें. साधें रबर अशा द्रावकानें फुगतें व मऊ पडतें; हलकी पीव्हीसी नळी कालांतरानें ताठर होऊन तडकते. नायट्राइल रबर तेलास बरेंच टिकतें. उलट ईपीडीएम रबर सौम्य ॲसिडास व अल्कलीस चांगलें, परंतु तेलापुढें निकामी. म्हणून ठिबकच्या नळ्या ॲसिडानें धुण्यास जी चांगली, तीच ईसी औषधास चांगली, असें समजूं नये. फवारणींत औषध पाण्यानें पातळ झालेलें असल्यामुळें नळी पुष्कळ दिवस निभावते; पण डब्यांतील निखळ औषध काढण्यास तीच नळी लावणें धोक्याचें आहे. कोणत्या थरास कोणतें रसायन चालतें ह्याचा तक्ता नळी करणारे देतात. तो मागून घ्यावा.

दुसरा प्रश्न दाबाचा. नळीवर कामाचा दाब छापलेला असावा, आणि तो पंपाच्या कमाल दाबाहून कमी नसावा. फुटण्याचा दाब ह्याच्या तिप्पट-चौपट असतो. तो आंकडा सांगून कोणी माल विकूं लागल्यास फसूं नये. गन एकदम बंद केली म्हणजे नळींत क्षणभर धक्का बसतो, व उन्हांत तापलेल्या पीव्हीसीची ताकद उतरते. ही वाढीव ताकद त्याकरितां राखलेली असते. तिसरा प्रश्न सांध्यांचा. तार आवळूं नये. मापाची क्लॅम्प बसवावी. हंगामाच्या आरंभीं साध्या पाण्यावर पूर्ण दाब देऊन नळी टोकापर्यंत पाहावी, आणि गळती बोटानें चांचपूं नये.

कोणी म्हणेल, लहान खातेदारास भारी नळी परवडत नाहीं. हें म्हणणें खोटें नाहीं. पण त्याचा उपाय हलकी नळी हा नव्हे. सोसायटीनें सर्वांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी करावी हा होय. दुसरे म्हणतील, मजूर नळी दगडांवरून ओढतात, त्यास मालकानें काय करावें? मालकानें सकाळीं दहा मिनिटें काढून नळी स्वतः पाहावी. कीटकनाशक नियम, १९७१ ह्यांत फवारणी करणाऱ्यास संरक्षक कपडे देण्याची तरतूद आहे. ते कपडे देऊन फुगलेली नळी हातांत देणें म्हणजे एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेणें होय.

आणखी एक गोष्ट. टाकून दिलेली फवारणीची नळी पुष्कळ घरीं पिण्याच्या टाकीस किंवा गुरांच्या हौदास लावलेली मीं पाहिली आहे. धुतली तरी तिच्या थरांत मुरलेलें औषध निघतेंच असें नाहीं. अशा नळीचे तुकडे करावे, म्हणजे ती पुन्हां कोणाच्या उपयोगास येणार नाहीं.

माझें शिक्षण मराठी शाळेपुरतें. रसायनशास्त्राचा अधिकार मी सांगत नाहीं. परंतु चाकरींत मीं पुष्कळ पंचनामे लिहिले, आणि बहुतेकांत नुकसानीचें कारण आधीं कोणास तरी ठाऊक होतें असेंच आढळलें. माझ्या नळीचा फुगाही मला ठाऊक होता. तरी सभासदांनीं येत्या सभेंत घाऊक खरेदीचा प्रश्न घ्यावा, आणि सभेस येण्यापूर्वीं आपापल्या घरची नळी एकदां हातांत घेऊन पाहावी, इतकीच विनंति आहे.