सहा पायांचं यंत्र लोखंडापुढे का डगमगतं?

सहा सरकत्या पायांवर नाचणारं कटर मोबाइलच्या व्हिडिओत कुणालाही भुरळ घालतं. या यंत्राला ‘हेक्सापॉड’ म्हणतात. पण झरी जामणीतून आयटीआय करून वणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभ्या राहणाऱ्या तरुणाने आणि कर्ज काढून नवं मशीन घेऊ पाहणाऱ्या मालकाने आधी एक प्रश्न विचारायला हवा: कापताना हे यंत्र किती हलतं?

ताठरता म्हणजे काय?

कटर लोखंडात शिरतं, तेव्हा लोखंडही कटरला मागे ढकलतं. त्या जोरापुढे यंत्र जितकं कमी हलेल, तितकी त्याची ताठरता जास्त. समजा, १००० न्यूटनचा, म्हणजे साधारण १०० किलो वजनाइतका जोर आला आणि कटर २० मायक्रॉन सरकलं, तर ताठरता झाली दर मायक्रॉनला ५० न्यूटन. २० मायक्रॉन केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण बेअरिंग सैल बसायला तेवढे पुरतात. ताठरता कमी पडली की थरथर वाढते, जॉबवर लाटा उमटतात, टूल तुटतं.

दावा काय होता?

ही रचना १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये डनलॉपच्या एरिक गॉफ यांनी टायर तपासण्यासाठी वापरली. १९६५ मध्ये स्टुअर्ट यांनी तशीच रचना विमानाच्या सिम्युलेटरसाठी मांडली. १९९४ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गिडिंग्ज अँड लुईस आणि इंगरसोल या अमेरिकी कंपन्यांनी धातू कापणारे हेक्सापॉड आणले. तर्क आकर्षक होता. नेहमीच्या मशीनमध्ये एका स्लाइडवर दुसरी स्लाइड चढते आणि भार तिला वाकवतो. हेक्सापॉडचे पाय मात्र फक्त दाबले किंवा ताणले जातात. म्हणजे वजन कमी, ताठरता जास्त.

मग अडलं कुठे?

पहिली अडचण सांध्यांची. प्रत्येक पायाला दोन टोकांना दोन, असे बारा सांधे. पाय कितीही भक्कम असो, सांधा दबला की कटर हललं.

दुसरी, जागेची. पाय तिरके होत जातात तशी ताठरता बदलते. मधोमध मिळणारा आकडा कडेला मिळत नाही.

तिसरी, उष्णतेची. एक मीटर लांबीचा पोलादी पाय १० अंशांनी तापला, तर सुमारे १२० मायक्रॉन वाढतो. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हा हिशेब विसरून चालणार नाही.

निवड कशी करावी?

हेक्सापॉड टाकाऊ नाही. सिम्युलेटर असो वा दुर्बिणीचा आरसा, जिथे कापण्याचे धक्के नसतात आणि नेमकी हालचाल हवी असते, तिथे तो उत्तमच. पण वणीच्या कोळसा खाणी आणि मुकुटबनचा सिमेंट कारखाना असलेल्या या पट्ट्यात दुरुस्तीचं काम जड आहे. इथे ओतीव लोखंडाचा भारी बेड असलेलं साधं मशीनच शहाणपणाचं. विक्रेत्याला व्हिडिओ मागू नका. टेबलाच्या कोपऱ्यातल्या ताठरतेचा आकडा मागा. तो मिळाला नाही, तर कर्जाच्या कागदावर सही करू नका.